कॅसेटमधली खंजिरी आणि जुना लॅपटॉप

प्रश्न : आमच्या गावच्या भजनी मंडळाच्या चाळीसेक कॅसेट वडिलांनी कपाटात जपून ठेवल्या आहेत. त्या संगणकात उतरवून घ्याव्यात असा विचार आहे. घरात ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप असून त्यातील विंडोज १० फार संथ चालते. भाचा म्हणतो, लिनक्स टाका. तालुक्याचा दुकानदार म्हणतो, लिनक्सवर गाणी वाजत नाहीत. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : भाच्याचे. लिनक्स ही विंडोजसारखीच, पण मोफत मिळणारी, संगणक चालवणारी प्रणाली आहे. आज तिच्यावर पूर्ण स्टुडिओचे काम चालते आणि त्याचसाठी सजवलेली उबुंटू स्टुडिओ ही आवृत्तीही मिळते. आपल्या लॅपटॉपला मात्र ती जड पडेल. लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती ४ जीबी रॅमवर नीट चालते, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार (कंपनीकडून मिळणारे सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे बदल तसाही करावाच लागणार होता. मिंटची फाइल पेनड्राइव्हवर चढवून लॅपटॉप त्यावरूनच सुरू करावा आणि डिस्कला हात न लावता आवाज व वायफाय चालतात का, ते आधी पाहावे. पटल्यास, फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे काढून ठेवून, ती कायमची बसवावी. ध्वनिमुद्रणासाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर पुरेसे आहे. ते मोफत आहे.

संगणकाचे काम एका संध्याकाळचे. वेळ खाते ती टेपरेकॉर्डरची तयारी. वर्षानुवर्षे न वाजलेली कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्यावी, म्हणजे फितीचे चिकटलेले वेढे सुटतात. टेपच्या हेडवर (फीत ज्याला घासून सरकते त्या धातूच्या तुकड्यावर) बसलेली तपकिरी पूड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसावी. लोडशेडिंगच्या वेळी टेप सेलवर चालवण्याचा मोह टाळावा, कारण सेल उतरले की फीत मंदावते आणि काळी दोनची पेटी ऐकता ऐकता पांढरी दोनमध्ये उतरते.

टेपच्या इयरफोनच्या छिद्रातून आवाज घ्यावा, पण ती वायर लॅपटॉपच्या माइकच्या छिद्रात थेट खुपसू नये. ते अगदी मंद आवाजासाठी केलेले असल्याने सगळेच फाटके ऐकू येते. लाइन-इन (टेपसारख्या यंत्राचा आवाज घेण्याचे छिद्र) असलेले यूएसबी साउंडकार्ड घ्यावे. अशी बहुतेक कार्डे लिनक्स वेगळे सॉफ्टवेअर (ड्रायव्हर) न मागता ओळखते. मुद्रणाच्या वेळी चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर ठेवला की मागची गुणगुण पुष्कळदा जाते. ऑडॅसिटीत दिसणारी आवाजाची पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये, कारण गजर रंगात आला की खंजिरीची थाप एकदम उसळते.

आणि खंजिरी हाच इथे नाजूक मामला आहे. (तुकडोजी महाराजांच्या मुलखात हे वेगळे सांगायला नको.) ऑडॅसिटीत फितीची सळसळ काढण्याची सोय आहे खरी, पण सळसळ आणि खंजिरीच्या चकत्यांचा छणछणाट दोन्ही वरच्याच पट्टीत असल्याने एक काढायला जावे तर दुसरा पाण्यात बुडाल्यासारखा वाजू लागतो. घरच्या एका कॅसेटची मी अशीच हौसेने साफसफाई केली आणि मूळ फाइल पुसून बसलो. ती खंजिरी पुन्हा तशी वाजली नाही. म्हणून प्रथम ४४,१०० हर्ट्झ व १६ बिटवर (म्हणजे सीडीच्या दर्जाने) जसेच्या तसे मुद्रण करून ते फ्लॅक स्वरूपात (आवाजातले काही न गमावता फाइल लहान करणाऱ्या) ठेवावे आणि प्रयोग प्रतीवर करावेत. दोन चॅनेलचे असे मुद्रण तासाला सुमारे ६०० एमबी भरते, फ्लॅकमध्ये ते साधारण निम्मे होते. म्हणजे एकेका तासाच्या ४० कॅसेट ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर मावतील. प्रती मात्र दोन ठेवाव्यात.

फाइलींची नावे देवनागरीत खुशाल द्यावीत, लिनक्सला अडचण येत नाही. मुद्रण चालू असताना वडिलांना शेजारी बसवून पेटीवर कोण, खंजिरीवर कोण, भजन कोणाच्या ओसरीवर झाले होते, हे वहीत उतरवून घ्यावे; कॅसेटच्या कागदावर बहुधा नुसते ‘भजन, बाजू अ’ एवढेच लिहिलेले असते.