काढा घरातील सर्वांनी घेतला, मग यकृताला इजा एकालाच का होते?

वनौषधींमुळे यकृताला इजा होण्याची प्रवृत्ती आनुवंशिक असते का आणि औषध सुरू करण्यापूर्वी जनुकीय चाचणी करावी का, असे आपण विचारले आहे. प्रवृत्तीचा काही भाग आनुवंशिक असतो, हे आता मान्य झाले आहे. आमच्या घरी मात्र ते अजून कोणी मान्य केलेले नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझे चुलत सासरे शेतातील कडुलिंबावर चढलेली गुळवेल आणून तिचा काढा सर्वांना रोज पाजत असत. काही आठवड्यांनी माझ्या धाकट्या जावेचे डोळे पिवळे झाले, यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे एसजीपीटी हे विकर बेसुमार वाढले आणि काविळीच्या विषाणूंच्या तपासण्या मात्र निर्दोष आल्या. तिला थायरॉइडचा विकार पूर्वीपासून होता. बायॉप्सीत प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटल्याची लक्षणे दिसली. काढा बंद झाला, स्टेरॉइड सुरू झाले आणि ती हळूहळू सावरली. यावर सासऱ्यांचे म्हणणे एकच: पातेले एक, काढा एक, मग दोष काढ्याचा कसा?

हा युक्तिवाद मुळातच चुकीचा आहे. बाहेरून आलेल्या पदार्थाला प्रतिकारशक्ती शत्रू मानते की नाही, यात एचएलए जनुकांचा मोठा वाटा असतो आणि ती जनुके जावेची आणि सासऱ्यांची सारखी असण्याचे कारण नाही. केस काळे राहावेत म्हणून चीनमध्ये घेतल्या जाणाऱ्या हो शौ वू या मुळीमुळे यकृत बिघडलेल्या रुग्णांत या जनुकांचा एचएलए-बी*३५:०१ हा प्रकार ठळकपणे आढळला. अमेरिकेत ग्रीन टीच्या अर्काबाबत तेच दिसले आणि हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या दहांपैकी सात रुग्णांतही तोच प्रकार होता.

तरीही आधी चाचणी करण्यात अर्थ नाही, कारण हा प्रकार असलेल्या बहुसंख्य लोकांना काहीच होत नाही. इजा झाल्यानंतर निदानाला मात्र तिची मदत होते. शिवाय हे अभ्यास गुळवेलीचे नाहीत. गुळवेलीबाबत मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा वनस्पतीची ओळखच नीट पटवलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला होता. तो आक्षेप सासरे अजूनही ऐकवतात, जणू आमच्याच शेतातील वेल त्यांना स्वतःलाच ओळखता येत नव्हती.

थायरॉइड, संधिवात यांसारखा प्रतिकारशक्तीचा विकार असलेल्यांनी असे काढे टाळावेत, आणि घरातील वडीलधाऱ्यांनी ते कोणाच्या हातात देण्यापूर्वी त्या व्यक्तीला कोणता आजार आहे हे विचारावे.