अमेरिकेतल्या निवृत्ती खात्यातून सक्तीने किती काढायचे?

प्रश्न : जन्म ऑगस्ट १९५३. अमेरिकेतून परतून आता कोल्हापुरातच कायम राहतो. तिकडचे नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नाही. दोन पारंपरिक आयआरए, म्हणजे स्वतः उघडलेली निवृत्ती खाती (१,८०,००० आणि ३२,००० डॉलर) आणि जुन्या कंपनीमार्फतचे निवृत्ती खाते ४०१(के) (१,०६,००० डॉलर) तिथेच आहे. शिल्लक ३१ डिसेंबर २०२५ची. किती काढावे लागेल? एकाच खात्यातून काढले तर चालेल का?
– एक वाचक, ताराबाई पार्क

उत्तर : १९५१ ते १९५९मध्ये जन्मलेल्यांना दरवर्षी किमान रक्कम काढण्याची ही सक्ती ७३व्या वर्षी लागते, त्यामुळे २०२६ हे तुमचे पहिले वर्ष. मागच्या ३१ डिसेंबरच्या शिलकीला आयआरएसच्या (अमेरिकेचे कर खाते) तक्त्यातल्या भाजकाने भागायचे. ७३ला तो २६.५ आहे, ७४ला २५.५.

दोन्ही आयआरए मिळून २,१२,००० ÷ २६.५ = ८,००० डॉलर. ही रक्कम कोणत्याही एका आयआरएतून काढली तरी चालते. ४०१(के)ला मात्र ही सवलत नाही : १,०६,००० ÷ २६.५ = ४,००० डॉलर त्याच खात्यातून निघाले पाहिजेत. आयआरएतून १२,००० काढून मोकळे झालात, तर ४०१(के)चे ४,००० थकलेच.

घोळ बहुतेकदा वयात होतो. ३१ डिसेंबरला ७२ होते म्हणून लोक ७२चा भाजक २७.४ घेतात. शिल्लक मागच्या वर्षाची, पण वय चालू वर्षात पूर्ण होणारे. चुकीच्या भाजकाने तुमच्या आयआरएत सुमारे २६३ डॉलर कमी निघतील आणि त्या तुटीवर २५ टक्के दंड लागेल. दोन वर्षांत दुरुस्ती केली तर साधारणपणे १० टक्के.

फक्त पहिल्या वर्षाची रक्कम १ एप्रिल २०२७पर्यंत लांबवता येते. २०२७ची मात्र ३१ डिसेंबर २०२७पर्यंतच काढायची, म्हणून अमेरिकेत कर भरणाऱ्याच्या एकाच वर्षात दोन रकमा येतात. तुमचे कर-वर्ष एप्रिल ते मार्च. पहिली रक्कम ३१ मार्च २०२७पर्यंत हातात आली, तर दोन्ही वेगवेगळ्या आर्थिक वर्षांत पडतील. १ एप्रिलची वाट पाहिलीत, तर हा फायदा गेलाच. बँकेला लागणारे दिवसही धरून ठेवा.

कस्टोडियनकडे (खाते सांभाळणारी संस्था) डब्ल्यू-८बेन हा परदेशी करदात्याचा फॉर्म आधी द्या. नाहीतर ३० टक्के कापून उरलेले पैसे येतील. भारत-अमेरिका करारातली पेन्शनची सवलत या फॉर्ममध्येच मागावी लागते. ती तुमच्या रकमेला लागू होते का, हे परदेशी उत्पन्न हाताळणाऱ्या सीएकडून आधी तपासून घ्या.

प्रश्न : यजमान माझ्यापेक्षा १२ वर्षांनी मोठे, आयआरएची वारस मी एकटीच. भाजक तोच का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : नाही. जोडीदार १० वर्षांपेक्षा जास्त लहान आणि वर्षभर एकमेव वारस असेल, तर दोघांच्या वयाचा संयुक्त तक्ता लागतो. त्यातला भाजक मोठा, म्हणजे सक्तीची रक्कम कमी. कस्टोडियनचा आकडा साध्या तक्त्यावरून काढलेला असू शकतो. तुमची जन्मतारीख त्यांच्याकडे नोंदली आहे का, ते आधी पाहा.