ठाण्याहून नवी मुंबई विमानतळापर्यंत इलेक्ट्रिक एअर टॅक्सी कधी सुरू होईल? परदेशातल्या कंपन्या का बुडतायत, आणि आपले लोक बसतील का?

लोक मागासलेले, घाबरट, म्हणून हे अडलंय असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. साफ चूक. अडलंय ते यंत्रात.

हेलिकॉप्टरसारख्या सरळ वर उडणाऱ्या या टॅक्सी बनवणाऱ्या जर्मन कंपन्यांपैकी लिलियम ऑक्टोबर २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली, व्होलोकॉप्टर त्याच डिसेंबरात. लिलियमला जर्मन सरकारकडून कर्जाची हमी मिळाली नाही, हे निमित्त. दुखणं जुनं होतं. वजन तेच ठेवून पंख्यांचं एकूण क्षेत्रफळ पाव केलं, की हवेत स्थिर राहायला दुप्पट शक्ती लागते, आणि लिलियमचे पंखे छोटे, नळीत बसवलेले. मोठ्या पंख्यांच्या दोन-सव्वादोन टनी यंत्रालाही त्यासाठी चार-साडेचारशे किलोवॉट लागतात. ठाणे-बेलापूर रोडवर एका वेगाने चाललेली इलेक्ट्रिक कार पंधरा-वीसवर भागवते. शिवाय उतरताना, बॅटरी सर्वांत रिकामी असताना, पुन्हा तेवढीच शक्ती द्यायची. चार्ज उतरला की सेलचा अंतर्गत रोध वाढतो, व्होल्टेज बसतं, म्हणून करंट वाढतो आणि सेल तापतो.

पण बॅटरीवर सगळेच बोलतात. जोडांवर कुणी बोलत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड विमानतळावर व्हर्टिकल एरोस्पेस कंपनीचं व्हीएक्स-४ हे असंच यंत्र रिमोटवर चाचणी देताना कोसळलं. आत कुणी नव्हतं. तपासात निघालं काय, तर पंख्याच्या पात्यातला चिकटवलेला जोड सुटला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात जॉबी या अमेरिकी कंपनीचं विनापायलट यंत्र पडलं, तिथेही पातंच निखळलं.

पाती कंपोझिटची, म्हणजे रेझिनमध्ये बसवलेल्या तंतूंची असतात. त्यांचा जोड करायचा म्हणजे पील प्लाय (पृष्ठभागावरचं सोलून काढायचं कापड) सोलला की लगेच इपॉक्सी, म्हणजे चिकटवायची पेस्ट, फासायची नसते. १८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासायचं, पण तंतू उघडे पडता कामा नयेत. मग अ‍ॅसिटोनने एकाच दिशेला पुसायचं, दर वेळी कापडाची नवी घडी घेऊन. पुढे-मागे पुसलं की मळ परत जागेवर. नंतर पाणी सोडून बघायचं. थर अर्धा मिनिट अखंड राहिला तर साफ, तेलकट ताटावर जमतात तसे थेंब जमले तर पुन्हा पहिल्यापासून. मग ओव्हनमध्ये वाळवायचं. पेस्टमध्ये पाव मिलिमीटरचे काचमणी घालायचे, म्हणजे क्लॅम्प जास्त आवळला तरी सगळा माल बाहेर येऊन जोड कोरडा पडत नाही. मिक्सिंग नोझलमधून आलेला पहिला माल फेकायचा, त्यात रेझिन-हार्डनरचं प्रमाण चुकलेलं असतं. रबाळे एमआयडीसीत जुलैमध्ये खोली डिह्युमिडिफायरशिवाय चालवली तर अमाइन हार्डनर हवेतल्या ओलाव्याने वर मेणचट साय धरतो, आणि त्या सायीवर काहीही टिकत नाही.

एवढं करूनही मेख उरतेच. जोडात पोकळी राहिली तर अल्ट्रासोनिक तपासणीला दिसते. दोन्ही बाजू टेकल्यात पण पकड नाही, हे तिला दिसत नाही. म्हणून प्रत्येक बॅचबरोबर त्याच पेस्टने, त्याच कारागिराकडून नमुना-पट्ट्या चिकटवून घ्यायच्या आणि ओढून तोडायच्या. तुटल्यावर दोन्ही बाजूंना इपॉक्सी राहिलं किंवा तंतूच फाटले तर ठीक. एक बाजू कोरी निघाली, तर ताकदीचा आकडा कितीही छान येवो, बॅच भंगारात. यावर खरेदी खात्यातला साहेब विचारणार, ‘नुसतं चिकटवायचंय, त्याला चार दिवस कशाला?’ याचसाठी, साहेब.

विमानांच्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत अशा महत्त्वाच्या जोडाला तीन वाटा आहेत: सुटलेला भाग पसरणार नाही अशी रचना करा, किंवा प्रत्येक नग वापरातल्या कमाल भाराला ओढून दाखवा, किंवा जोडाची ताकद खात्रीने सांगणारी तपासणी आणा. तिसरी कागदावरच आहे. उरलेल्या दोन्ही वेळखाऊ. तोवर विक्री शून्य, पगार चालू, आणि प्रमाणपत्राआधी पैसा संपतो. उशिराला माझी हरकत नाही, तारखा वाटत फिरण्याला आहे.

पॅरिस ऑलिम्पिकचंच बघा. प्रमाणपत्र वेळेत आलं नाही, सेन नदीवरच्या तळाला तिथल्या पालिकेने विरोध केला, आणि व्होलोकॉप्टरला व्हर्सायला प्रवाशांविना प्रात्यक्षिकावर भागवावं लागलं. लोकांना हे नकोच आहे असंही नाही. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने २०२१ मध्ये सहा शहरी भागांत विचारलं तेव्हा ८३ टक्के अनुकूल होते. मात्र त्याच अभ्यासात दिसलं की तेवढ्याच डेसिबलला शहरातल्या ओळखीच्या आवाजांपेक्षा ड्रोनचा आवाज जास्त खुपतो. घोडबंदर रोडच्या सोसायटीतल्या आजोबांनी गच्चीवरच्या तळाला नाही म्हटलं तर ते अडाणी नव्हेत. त्या गच्चीला दोन टनांचा भार, शेकडो किलोवॉटचा चार्जर आणि बॅटरीची आग विझवायची सोय लागेल.

आपल्याकडे वाटेत ठाणे खाडी आहे, फ्लेमिंगोंसकट. मे २०२४ मध्ये घाटकोपरला एका विमानाच्या धडकेत तीसहून जास्त फ्लेमिंगो मेले होते. ते विमान सुखरूप उतरलं. एअर टॅक्सीची छोटी पाती तो मार झेलतात हे आधी सिद्ध करावं लागेल.

तेव्हा तारीख मी देणार नाही. हां, चीनमध्ये ईहँग कंपनीच्या दोन आसनी, विनापायलट यंत्राला ऑक्टोबर २०२३ मध्येच प्रमाणपत्र मिळालंय, म्हणजे अशक्य मुळीच नाही. वरचे किलोवॉटही ढोबळ हिशेबाचे आहेत, डिझाइनप्रमाणे बदलतील.

कुणी आगाऊ बुकिंग घ्यायला आलं तर भाडं नंतर विचारा. आधी विचारा, पात्याच्या नमुना-पट्ट्या कशा तुटल्या आणि कोऱ्या निघालेल्या बॅचचं काय केलं. उत्तराला त्याने खरेदी खात्याचा फोन जोडून दिला, तर ऐरोलीवरून टॅक्सी करा.