स्टिल्टमधली रिकामी जागा बाहेरच्याला भाड्याने देता येईल का?

प्रश्न : मी ठाण्यात सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहते. 2008 साली नवा फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरने स्टिल्ट पार्किंगचे (इमारतीखाली खांबांमधल्या मोकळ्या जागेचे) दीड लाख वेगळे घेतले आणि साध्या लेटरहेडवर पावती दिली. करारनाम्यात पार्किंगचा उल्लेख नाही. मिस्टर गेल्यावर गाडी विकली, जागा रिकामीच होती. समोरच्या रस्त्यावरच्या औषध दुकानदाराला ती महिना अडीच हजारांना तोंडी ठरवून दिली. दहा हजार डिपॉझिटही घेतलं. आता कमिटीची नोटीस आली आहे : 15 दिवसांत गाडी काढा, नाहीतर जॅमर लावू आणि पार्किंग रद्द करू. जागा विकत घेतलेली असताना कमिटी असं करू शकते का?

उत्तर : ताई, आधी कटू भाग सांगतो. ती जागा तुमच्या मालकीची नाही. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑगस्ट 2010 रोजी स्पष्ट केलं, की इमारतीखालची स्टिल्ट पार्किंगची जागा हा सामाईक भाग आहे आणि बिल्डरला ती फ्लॅटसारखी सुटी विकता येत नाही. जे विकायचा अधिकारच नव्हता त्याची पावती सोसायटीपुढे चालत नाही. जमिनीवर रंगाने आखलेली चौकट आणि त्यातला तुमचा फ्लॅट नंबर यांनीही मालकी येत नाही. असे पैसे हजारो लोकांनी भरले आहेत, त्यामुळे फसलेल्या तुम्ही एकट्या नाही. रेरा (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा स्थावर मालमत्ता कायदा) आल्यानंतर नोंदणीकृत करारात क्रमांकासह आच्छादित पार्किंग विकत घेतलं असतं, तर उत्तर वेगळं झालं असतं.

मग तुमच्याकडे आहे काय? वापराचा हक्क, तोही सोसायटीने दिला असेल तर. म्हणून पहिलं काम : सोसायटी स्थापन झाल्यानंतरच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं मागा. बिल्डरने दिलेली पार्किंगं आहेत तशी कायम ठेवण्याचा ठराव बहुतेक सोसायट्यांनी कधीतरी केलेला असतो. तो ठराव सापडला, तर पावतीपेक्षा तोच तुमच्या कामाचा. सोबत इतक्या वर्षांच्या मेंटेनन्सच्या बिलांत पार्किंग शुल्क लावलेलं असेल, तर तीही जपून ठेवा.

मात्र वापराचा हक्क म्हणजे भाडं कमावण्याचा हक्क नव्हे. आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीनुसार) सोसायटीने दिलेलं पार्किंग सभासदाला विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. शिवाय रोज आवारात ये-जा करणाऱ्या परक्या माणसाबद्दल इतर सभासदांनी हरकत घेतली, तर ती गैर म्हणता येणार नाही. या मुद्द्यावर भांडू नका, हराल.

खरा धोका पुढे आहे आणि तो नोटिशीत स्पष्ट लिहिलेला नाही. त्याच उपविधींप्रमाणे पार्किंग मिळण्याची पात्रता वाहन असलेल्या सभासदाला असते. तुमच्याकडे गाडी नाही, आणि जागा भाड्याने देऊन तुम्हीच ते जाहीर केलंत. प्रतीक्षा यादीत कोणी असेल तर तो उद्या हाच मुद्दा काढेल. मुलगा किंवा मुलगी सोबत राहत असेल आणि त्यांची गाडी असेल, तर तिची नोंद सोसायटीकडे आजच करून घ्या. मात्र केवळ कागदोपत्री गाडी दाखवू नका. वॉचमनला सगळं ठाऊक असतं.

कमिटीचंही सगळंच बरोबर नाही. तुमचं म्हणणं न ऐकता पार्किंग रद्द करणं टिकणार नाही, आणि तिऱ्हाइताच्या गाडीला जॅमर लावायला कमिटी म्हणजे वाहतूक पोलीस नव्हे. नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या : बाहेरच्याची गाडी अमुक तारखेपर्यंत निघेल, पार्किंगबाबत निर्णय घेण्यापूर्वी माझी बाजू ऐकावी, आणि हा विषय येत्या सर्वसाधारण सभेत घ्यावा. पोच घ्यायला विसरू नका. एवढं करूनही जागा काढून घेतली, तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 91 खाली सहकार न्यायालयात दाद मागता येते. पण अडीच हजारांसाठी तिथे वर्षं घालवण्याचा सल्ला मी देणार नाही.

उत्पन्नाचा एक सरळ मार्ग उरतो. इमारतीतच दुसरी गाडी बाहेर रस्त्यावर लावणारा सभासद असतोच. न वापरलेली जागा वर्षभरासाठी दुसऱ्या सभासदाला वापरायला देता यावी आणि त्यातला काही हिस्सा सोसायटीला मिळावा, असा प्रस्ताव सभेपुढे ठेवा. सभेने मान्य केला तरच पुढे जा; सेक्रेटरीच्या तोंडी होकारावर नको.

दुकानदाराचं काय? तोंडी ठरलेला हा व्यवहार म्हणजे त्याला दिलेली परवानगी, भाडेकरूचा हक्क नव्हे. ती मागे घेता येते, पण गाडी हलवायला वाजवी मुदत द्यावी लागते. त्याला लेखी कळवा, डिपॉझिट बँकेतून परत करा आणि आजवर मिळालेली रक्कम त्या-त्या वर्षाच्या प्राप्तिकर विवरणपत्रात उत्पन्न म्हणून दाखवा.