वाचकांचे प्रश्न: शॅमेलिऑनसाठी जाळीचा पिंजरा

पाळीव शॅमेलिऑनच्या (रंग बदलणाऱ्या सरड्याच्या) पिंजऱ्यांविषयी अमेरिका, जर्मनी आणि महाराष्ट्रातून आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेकांनी दिवे, रोपं आणि सजावटीबद्दल विचारलं आहे. आम्ही मात्र पुन्हा पुन्हा दोनच गोष्टींकडे वळणार आहोत: पिंजऱ्यातली हवा हलते का, आणि दिलेलं पाणी बाहेर जातं का.

मुलीला वाढदिवसाला शॅमेलिऑन हवा आहे. दुकानदार २० गॅलनची काचेची टाकी घ्या म्हणतो. पिंजरा बैठकीच्या खोलीत ठेवायचा आहे आणि जागा बेताची आहे. लहानच राहणारी जात आणि दिसायला नीटनेटका पिंजरा सुचवाल का?
(एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

टाकी घेऊ नका. ती उंचीला जेमतेम १६ इंच असते, आणि शॅमेलिऑनला उंची लागते. शिवाय चारही बाजू बंद असल्याने ओलसर हवा तळाशी साचून राहते आणि काचेत त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसतं. हा एकट्यानं राहणारा प्राणी आहे. समोर दुसरा नर उभा आहे असं समजून तो दिवसभर फुगत आणि रंग बदलत राहतो. पाहणाऱ्याला मजा वाटते, त्याचे मात्र हाल होतात.

दुकानात 'लहान' म्हणून दिसणारं पिल्लू बहुधा येमेनच्या व्हेल्ड जातीचं असतं. ते आज बोटाएवढं असलं तरी त्यातला नर वर्षभरात शेपटीसह दीड फुटाच्या पुढे जातो. त्याला शेवटी २४ × २४ × ४८ इंचांचा पिंजरा लागतोच. खरोखर लहान राहणाऱ्यांत मादागास्करचा कार्पेट शॅमेलिऑन आहे, शेपटीसह साधारण २० ते २५ सेंटिमीटर. टांझानियातल्या मेरू पर्वतावरचा बुटका जॅक्सनही जवळपास तेवढाच. जॅक्सनला रात्री चांगला गारवा लागतो. न्यू जर्सीत तुम्ही तो देऊ शकाल, पण उन्हाळ्यात एसी बंद ठेवत असाल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. जात कोणतीही घ्या, पिल्लू पैदास केंद्रात जन्मलेलं हवं. जंगलातून धरून आणलेले बरेचसे प्राणी जंतांनी आणि प्रवासाने आधीच खंगलेले असतात.

या दोन्ही जातींना १६ × १६ × ३० इंच हे किमान माप, आणि १८ × १८ × ३६ परवडत असेल तर तेच घ्या. जमिनीवरची लांबी-रुंदी दोन-दोन इंचांनीच वाढते, पण आत उन्हाची (म्हणजे दिव्याखालची उबदार), मधली आणि सावलीची अशा तीन वेगळ्या पातळ्या नीट बसतात.

खरेदी करताना जाळी हाताने चाचपून पाहा. फायबरग्लासची मऊ जाळी खाद्य म्हणून सोडलेले रातकिडे कुरतडतात आणि महिन्याभरात कोपऱ्यांतून बाहेर पडायला लागतात. साध्या ॲल्युमिनियमच्या जाळीला ते काही करू शकत नाहीत, पण तिच्या बारीक भोकांत शॅमेलिऑनची नखं अडकतात. प्लॅस्टिकचा मुलामा दिलेली धातूची जाळी दोन्ही बाबतींत बरी. जाळी कोणतीही असो, तिला लटकलेल्या प्राण्याला कधीही ओढून काढू नका, नख मुळापासून उपटतं. त्याच्यापुढे फांदी किंवा हात धरा आणि त्याला स्वतःहून चढू द्या. तो तासन् तास जाळीवरच चढत असेल तर आत ऊन जास्त आहे, आडोसा कमी आहे किंवा मादीला अंडी घालायची आहेत असं समजा.

दार पुढून उघडणारं हवं आणि तळाशी साफसफाईसाठी वेगळी फळी किंवा छोटं दार हवं. सुट्या भागांचा पिंजरा जोडताना स्क्रू आधी सगळे ढिले बसवा, चौकट काटकोनात आणा आणि मगच आवळा. ॲल्युमिनियममध्ये स्क्रू जास्त आवळला की आटे झिजतात, आणि दार कायमचं तिरकं बसतं. त्याच फटीतून रातकिडे पळतात. जाळी सैल झाली तर चौकटीच्या खाचेतली रबरी दोरी काढून जाळी ताणा आणि दोरी पुन्हा दाबून बसवा. पिंजरा हलका असतो, म्हणून वरच्या चौकटीला पट्टा लावून तो भिंतीला अडकवा.

बैठकीची खोली चालेल, पण येण्या-जाण्याच्या वाटेवर, टीव्हीशेजारी किंवा हीटरच्या झरोक्यासमोर नको. पिंजरा अडीच-तीन फुटांच्या घडवंचीवर ठेवा. उन्हाची फांदी माणसाच्या डोळ्यांच्या वर राहिली की प्राणी निवांत असतो, कारण वरून येणारं सगळं त्याच्या लेखी शिकारी असतं.

आतल्या आडव्या फांद्या ६ ते १२ मिलिमीटर जाडीच्या असाव्यात, पंजाची पकड पूर्ण बसेल इतपत. त्या जाळीला नव्हे, चौकटीला बांधा. कुंडीचं वजन जाळीवर दिलंत तर जाळी हमखास फाटते. रोपांत मनीप्लांट आणि शेफ्लेरा भरवशाचे. रोपवाटिकेतून आणल्यावर पानं दोन्ही बाजूंनी धुवा आणि खताचे दाणे असलेली माती बदला. कुंडीतल्या मातीवर शॅमेलिऑनच्या डोक्यापेक्षा मोठे गोटे पसरा, नाहीतर किड्यावर जीभ मारताना माती पोटात जाते. पिंजऱ्याच्या तळाला माती किंवा भुसा काहीच नको. मादी असेल तर मात्र फूटभर लांब-रुंद-खोल डब्यात धुतलेली वाळू, बोटाने केलेलं भोक ढासळणार नाही इतकी ओली करून, आत ठेवा. कार्पेट आणि व्हेल्ड माद्या नराशिवायही अंडी घालू शकतात, आणि जागा मिळाली नाही की अंडी पोटातच अडकतात. जॅक्सन पिल्लांना जन्म देतो, त्याला हा डबा लागत नाही.

एक गोष्ट मुलीला आधीच सांगा. शॅमेलिऑन पाहण्यासाठी असतो, खेळवण्यासाठी नाही. हातात घ्यायचाच प्राणी हवा असेल तर दुसरा निवडा.

हिवाळ्यात घरातली आर्द्रता २० टक्क्यांवर येते. जाळीच्या पिंजऱ्यात दिवसातून सहा वेळा फवारा देतो, पण तासाभरात सगळं कोरडं. त्याचे डोळे आत गेल्यासारखे वाटतात आणि विष्ठेतला पांढरा भाग नारिंगी झाला आहे. काचेच्या पिंजऱ्यात हलवू का?
(एक वाचक, नेपरविल, इलिनॉय)

खोल गेलेले डोळे आणि नारिंगी भाग ही पाणी कमी पडल्याची खूण आहे. आजपासून रोज दुपारी अर्धा तास ठिबक द्या: डब्याच्या तळाला बारीक भोक पाडून तो पिंजऱ्यावर ठेवा, सेकंदाला एखादा थेंब पानांवर पडू द्या. दिवसा डोळे मिटून बसत असेल तर वाट पाहू नका, सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्या.

पिंजरा बदलायची गरज नाही. मागची आणि डावी-उजवी बाजू बाहेरून पारदर्शक प्लॅस्टिकने झाका. शॉवरचा पारदर्शक पडदासुद्धा चालतो, फक्त नव्याचा वास जाईपर्यंत दोन दिवस बाहेर वाळत ठेवा. छत उघडं राहू द्या आणि पुढच्या बाजूला खालची पाच-सहा इंच जाळी मोकळी ठेवा. दिव्याने तापलेली हवा वर जाते आणि तिच्या जागी खालून ताजी हवा येते. ही खालची फट बुजवलीत तर जाळीचा पिंजरा घेऊन काचेच्या टाकीसारखंच झालं.

सहा फवारे मात्र बंद करा. दिवसा दिव्याखाली गरम हवा सतत ओली ठेवणं फुप्फुसाच्या संसर्गाला आमंत्रण आहे. या प्राण्यांच्या मूळ प्रदेशात रात्री धुकं, पहाटे दव आणि दिवसा वारा असतो, आपणही तसंच करायचं. दिवे लागण्याआधी दोन मिनिटं फवारा आणि दिवे बंद झाल्यावर दोन मिनिटं. मध्यरात्रीनंतर धुक्याचं यंत्र चालवा, पण पिंजऱ्यातलं तापमान २० अंश सेल्सिअसच्या खाली असेल तरच. तुमच्या घरात रात्री थर्मोस्टॅट १७-१८ वर येत असेल तर उत्तमच. रात्री आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर आणि दिवसा ४० ते ५० इतकी पुरे. यंत्रात डिस्टिल्ड पाणी घाला आणि दर आठवड्याला ते व्हिनेगरने धुवा. अस्वच्छ यंत्र जंतूच उडवत असतं.

बल्ब थेट जाळीवर ठेवतो. आता त्याच्या पाठीच्या कण्यावर आधी फिकट आणि मग काळा डाग आला आहे. थर्मामीटर तर ३० अंशच दाखवतो!
(एक वाचक, ह्यूस्टन, टेक्सास)

हा भाजल्याचा डाग आहे. पशुवैद्याला दाखवा, घरचं तेल किंवा मलम लावू नका. थर्मामीटर कुठे आहे ते पाहा. तो फांदीवर असेल तर फांदीचं तापमान सांगतो, आणि प्राण्याची पाठ फांदीपेक्षा दीड-दोन इंच वर असते. शिवाय शॅमेलिऑन छताच्या जाळीला उलटा लटकतो. तिथे बल्बखालची तार चटका देण्याइतकी तापलेली असते.

बल्ब जाळीपासून तीन-चार इंच वर टांगा. लहान जातींना ४०-५० वॅटचा, मंद करता येणारा बल्ब पुरतो. तारेचा सेन्सर पाठीच्या उंचीवर धरून मोजा: कार्पेटसाठी २७ ते २९ अंश, जॅक्सनसाठी २७ च्या पुढे नाही. लहान अंग पटकन तापतं, म्हणून मोठ्यांचे आकडे पिल्लांना लावू नका. हा बल्ब सकाळचे काही तास पुरे. रात्री लाल किंवा निळा कोणताच दिवा नको.

अतिनील किरणांसाठी लांब टी-५ (बारीक व्यासाची) ट्यूब घ्या, ६ टक्के यूव्हीबीची. गुंडाळीचे छोटे बल्ब एका ठिपक्यापुरताच उजेड देतात. ट्यूब जाळीवर ठेवली तर पाठ तिच्यापासून आठ-नऊ इंच खाली राहील अशी फांदी बांधा. सोलरमीटर ६.५ हे अतिनील निर्देशांक मोजणारं यंत्र मिळालं तर पाठीच्या जागी निर्देशांक ३ च्या आसपास यायला हवा. जाळी बदललीत तर पुन्हा मोजा, कारण दाट जाळी यातला मोठा हिस्सा अडवते. वर्षभराने ट्यूब बदला. ती प्रकाश देत राहते, पण अतिनील किरण उतरलेले असतात.

स्वयंचलित फवारा बसवल्यापासून लाकडी जमीन फुगली आहे आणि पिंजऱ्याच्या तळाला वास येतो.
(एक वाचक, सॅन होजे, कॅलिफोर्निया)

आधी पाणी किती जातंय ते मोजा. नोझल मोजपात्रात धरून एक मिनिट चालवा आणि त्या आकड्याला नोझलच्या संख्येने आणि दिवसाच्या मिनिटांनी गुणा. तळाची व्यवस्था तेवढ्याला पुरायला हवी.

नोझल वरच्या कोपऱ्यांत बसवून तिरके आत, पानांच्या दिशेने वळवा. समोरच्या जाळीकडे तोंड असेल तर अर्धं पाणी भिंतीवरच जातं. तळाच्या फळीवर पेलाभर पाणी ओता, ते जिथे साचेल तिथे ३ मिलिमीटरची चार-पाच भोकं पाडा. पिंजरा दीड इंच उंचीच्या दोन पट्ट्यांवर उचलून ठेवा. खाली प्रत्येक बाजूने दोन इंच मोठा ट्रे, ट्रेला अर्ध्या इंचाची नळी आणि नळी झाकणाच्या बादलीत. नळीला सलग उतार हवा, मध्ये झोळ पडला की पाणी तिथेच थांबतं आणि कुजतं. बादली रोज रिकामी करा. मेलेले रातकिडे आणि विष्ठा भोकं बुजवतात, तेव्हा तळ रोज पुसा. नोझल वारंवार चोंदत असतील तर नळाचं पाणी जड आहे, आरओचं वापरा.

इथे बहुतेक जण काचेचेच टेरॅरियम वापरतात आणि त्यांचे शॅमेलिऑन ठणठणीत असतात. मग जाळीचा आग्रह का?
(एक वाचक, म्युनिक)

आग्रह हवेचा आहे, जाळीचा नाही. जर्मनीत मिळणाऱ्या चांगल्या टेरॅरियमला पुढे खाली जाळीची पट्टी आणि वर जाळीचं छत असतं, त्यामुळे हवा आपोआप वर खेचली जाते. थंड, कोरड्या घरात ते उघड्या जाळीपेक्षा सरस ठरतं. दमट, उबदार घरात जाळीच बरी.

अगदी बोटभर, पानासारखा दिसणारा पिग्मी शॅमेलिऑन मिळतो आहे. छोटासा जाळीचा पिंजरा पुरेल ना?
(एक वाचक, सिएटल)

नाही, इथे उत्तर उलटं आहे. आफ्रिकेतला दाढीवाला पिग्मी जंगलाच्या तळाशी, पाचोळ्यात आणि खुरट्या झुडपांत राहतो. उघड्या जाळीत तो दोन दिवसांत सुकेल. ३० × ३० × ४५ सेंटिमीटरचं, वर जाळी असलेलं काचेचं टेरॅरियम, तळाला पाणी निचरणारा थर, त्यावर माती आणि पाचोळा, पेन्सिलीहून बारीक डहाळ्या. तापमान २० ते २४ अंश, २७ च्या वर धोका. वेगळा उन्हाचा बल्ब नको, अतिनील ट्यूबही सौम्यच.

शेतात घोयरा सापडला आहे. मुलांनी खोक्यात ठेवला आहे. त्याला चांगला जाळीचा पिंजरा करून देऊ का?
(एक वाचक, नाशिक जिल्हा)

करू नका. घोयरा, म्हणजे आपला भारतीय शॅमेलिऑन, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार संरक्षित आहे. तो पकडणं आणि पाळणं, दोन्ही गुन्हे आहेत. परदेशी शॅमेलिऑन भारतात पाळणाऱ्यांनाही २०२४ च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

घोयरा विषारी नसतो, हेही मुलांना सांगा. गावोगावी तो या भीतीनेच मारला जातो. जखमी असेल तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. धडधाकट असेल तर आजच, उजेड असताना, जिथे सापडला तिथल्याच झुडपावर ठेवा. रस्ता ओलांडताना सापडला असेल तर ज्या बाजूला निघाला होता त्याच बाजूला. खोक्यात हात घालून उचलू नका, काटकी पुढे धरा, तो तिच्यावर चढेल.