टाकीपर्यंत हात पोहोचला पाहिजे

प्रश्न : भिगवणला उजनीच्या जलाशयात मासेमारीसाठी आम्ही फायबरची जुनी होडी घेतली. अ‍ॅल्युमिनियमची पेट्रोलटाकी फळीखाली कायमची बंदिस्त आहे आणि हल्ली वास येतो. फळी कापावी का? – एक वाचक, पुणे

उत्तर : वास येतो तोवर इंजिन सुरू करू नका, ही कळकळीची विनंती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती होडीच्या तळाशी साचून राहते आणि बॅटरीच्या तारेची एक ठिणगीही तिला पुरते. फळी जरूर उघडावी, मात्र आधी पेट्रोल काढून तळ पूर्ण हवेशीर करावा, आणि काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे, कारण रिकाम्या टाकीतही वाफ उरते. उघडल्यावर नळीचे जोड बोटाने चाचपून पाहा. इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने जुनी रबरी नळी मऊ पडते किंवा तडकते. टाकीभोवती फोम भरलेला असेल तर तो ओला आहे का, हेही तपासा, कारण ओल्या फोमला टेकलेले अ‍ॅल्युमिनियम बाहेरून खड्डे पडत झिजते. ज्याने टाकी बसवताना तपासणीचे झाकणच ठेवले नाही, त्याचे काम मी चांगले म्हणणार नाही. इंजिन होडीबाहेर टांगलेले असेल, तर उचलून नेता येणारी सुटी टाकी मला अधिक पसंत आहे. ती काठावर उतरवून भरता येते.