पाऊस आधी की पक्षी?

या वेळी तीन पत्रं एकाच वाटेने आली, जुन्या चिनी कवितांवर संगीत करण्याच्या, म्हणून सगळं सदर त्यांनाच दिलंय.

प्रश्न: मी कॉम्प्युटरवर ॲम्बियंट, म्हणजे संथ, वातावरणासारखं पसरणारं संगीत करते. थांग काळातल्या (सातवं ते दहावं शतक) चिनी कविता वाचल्या आणि 'सरणारा काळ' असा विषय घेऊन एक तुकडा केला. गुझेंग या चिनी तंतुवाद्याचे सॅम्पल (रेकॉर्ड केलेले सूर), खाली लांबवलेला एक सूर आणि वर घड्याळाची टिकटिक. ऐकायला बरं वाटतं, पण कविता काही त्यात उतरत नाही. कुठे चुकतंय?

उत्तर: आधी ती टिकटिक काढा. त्या कवींची रात्र सेकंदांनी मोजलेली नव्हती. पाणघड्याळ ठिबकायचं, रात्रीचे पाच भाग केलेले असायचे आणि ते नगाऱ्यावर कळायचे. पण टिकटिक काढायचं खरं कारण हे नाही. ती 'काळ चाललाय, काळ चाललाय' असं बजावत राहते, आणि ही कविता तसं कधीच बजावत नाही.

मला हे त्या काळातल्या मेंग हाओरान या कवीच्या (689–740) एका कवितेने शिकवलं. वसंतातल्या पहाटेची कविता, चार ओळी, ओळीला पाच अक्षरं, सगळी मिळून वीस. अर्थ साधारण असा: वसंतातल्या झोपेत पहाट झालेली कळली नाही. जिकडेतिकडे पक्ष्यांचे आवाज. रात्री वाऱ्यापावसाचा आवाज. फुलं गळली, किती कोण जाणे.

मी यावर पहिला तुकडा केला तेव्हा पाऊस सुरुवातीला ठेवला होता. रात्र आधी, पहाट नंतर, सरळ हिशेब. चार मिनिटं पाऊस, तो विरत जातो, मग पक्षी. महिनाभर ऐकत होते, आणि दर वेळी पक्षी आले की माझं लक्ष उडायचं. मग एकदा कविता पुन्हा ओळीओळीने वाचायला घेतली. पक्षी दुसऱ्या ओळीत आहेत आणि पाऊस तिसऱ्या! त्याला पाऊस ऐकू येत नाहीये, आठवतोय. तो अजून अंथरुणातच आहे. कानावर पक्षी पडतायत आणि त्यांच्या मागून रात्रीचा आवाज वर येतोय. गळलेली फुलं तर त्याने पाहिलेलीच नाहीत. सगळी कविता कानांनी घडते.

मी क्रम बदलला. आधी पक्षी, स्वच्छ, अगदी जवळ. दोन मिनिटांनी त्यांच्याखाली तोच पाऊस, पण त्यातला वरचा, उंच आवाजांचा पट्टा सगळा कापलेला. थेंबांची टपटप गेली, नुसती घुमघुम उरली. आवाज इतका खाली, की पाऊस पडतोय की पडून गेलाय हे ठरवताच येऊ नये. आणि फुलांसाठी पियानोचे सुटे सूर, कधी नऊ सेकंदांनी, कधी चौदा, मोजायला बसणाऱ्याची मोजणी चुकेल असे. 'किती' याचं उत्तर कवितेने दिलेलं नाही, मग मी तरी का द्यावं?

यात भाषेचाही हात आहे. जुन्या चिनी कवितेत क्रियापदाला काळ नसतो, कर्ता बहुतेकदा गाळलेला असतो. आपण 'परवा' म्हणतो तेव्हा तो गेलेला की येणारा, हे पुढच्या क्रियापदावरून कळतं. ते क्रियापदच काढून घेतलं तर 'परवा' जसा अधांतरी राहील, तशा या ओळी असतात. मराठीत सांगताना मला 'कळली नाही', 'गळली' असं लिहावंच लागलं. संगीतावर ती सक्ती नाही. फिरत्या लूपमधला, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तुकड्यातला, सूर आधीचा की नंतरचा, कोण सांगणार? या कवितांना ॲम्बियंट इतकं मानवतं ते मला वाटतं यामुळेच.

फक्त लूप सारख्या लांबीचे ठेवू नका. एक 17 सेकंदांचा आणि दुसरा 23 सेकंदांचा एकदम सोडलात तर ते पुन्हा एकत्र सुरू व्हायला 391 सेकंद लागतात, म्हणजे साडेसहा मिनिटं. 29 सेकंदांचा तिसरा घाला, की तीन तास नऊ मिनिटांच्या घरात जातं. सूर तेच, पण शेजार दर वेळी वेगळा. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी 1978च्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' या ॲम्बियंट अल्बमसाठी टेपचे असेच असमान लूप फिरवले होते.

आता गुझेंग. वाद्य सुंदरच आहे, पण तारांवरून सरसर उतरणारी ती लहर इतक्यांनी वापरलीय, की ती ऐकली की कविता नाही, पाटी दिसते: 'हे चीन'. गुचिन हे दुसरं चिनी तंतुवाद्य ऐका. सात तारा, सरकत्या घोड्या नाहीत, पट्टीवर 13 खुणा. थांग काळातल्याच वांग वेई या कवीच्या कवितेत बांबूच्या बनात एकटं बसून वाजवतात ते हेच वाद्य. तार छेडली की डावं बोट तिच्यावरून सरकू लागतं. मींड विरते, तरी बोट थांबत नाही. अखेर सूर संपून रेशमी तारेवर घासणाऱ्या बोटाची खसखस तेवढी उरते. पुष्कळजण ती खसखस रेकॉर्डिंगमधून साफ करतात. तुम्ही ठेवा.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. गुचिनच्या जुन्या लिपीत कुठली तार, कुठलं बोट, कुठल्या खुणेवर, हे सगळं असतं. सूर किती वेळ धरायचा, ते मात्र नसतं. ते वाजवणाऱ्याने वाजवून वाजवून शोधायचं, कधी महिनोन् महिने. त्या शोधाला 'दापू' असं नावच आहे. गुचिनवादक ग्वान पिंगहू यांनी वाजवलेलं 'वाहतं पाणी' 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलं. साडेसात मिनिटांचं आहे. दिवा मालवून एकदा ऐका, आणि मगच तुमचा तुकडा पुन्हा उघडा.

प्रश्न: मला चिनी येत नाही. नुसत्या अनुवादावरून संगीत करणं अप्रामाणिक नाही का?

उत्तर: नाही. 'अनुवादावरून' असं तेवढं नमूद करा. ऑस्ट्रियन संगीतकार माहलरने 1908–09 मध्ये आपली मोठी गीतरचना केली ती हान्स बेथगेने जर्मनमध्ये आणलेल्या चिनी कवितांच्या पुस्तकावरून, आणि बेथगेसमोरही मूळ चिनी नव्हतं, आधीची भाषांतरं होती. तिचा शेवटचा भाग मेंग हाओरान आणि वांग वेई यांच्या कवितांवर उभा आहे. त्याच्या अखेरीस गायिका 'सदैव' या अर्थाचा एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत विरून जाते. मात्र एक करा: शब्दाला शब्द ठेवलेला अर्थ मिळवा. गुळगुळीत अनुवादात ओळींचा क्रम हमखास बदलतो, आणि तो बदलला की काय होतं ते वर सांगितलंच.

प्रश्न: थांग काळातल्या झांग जी या कवीच्या कवितेतल्या मध्यरात्रीच्या घंटेवर काम करतोय. घंटेचा आवाज घातला तर फार ढोबळ होईल का?

उत्तर: घाला, पण नावेतून ऐका. त्या कवितेत चंद्र मावळलाय, कावळे ओरडतायत, नदीवर कोळ्यांचे दिवे आहेत आणि झोप न लागलेला प्रवासी नावेत पडून आहे. सुझौ शहराबाहेरच्या हानशान मंदिरातली घंटा त्याच्यापर्यंत येते. 'येते' हेच तिथलं क्रियापद आहे. पुढे, थांगनंतरच्या सुंग काळात, ओयांग श्यू या विद्वान लेखकाने हरकत घेतली, की ओळी छान, पण मध्यरात्र ही काही घंटेची वेळ नव्हे. त्यावर इतरांनी दाखवून दिलं, की त्या भागात मध्यरात्रीही घंटा व्हायची. एका घंटेसाठी माणसं एवढी भांडली, याचं मला फार कौतुक वाटतं.

तुमच्या फाइलमध्ये ठोक्याचा पहिला क्षण ठसठशीत असेल. तो कापा. वरचा पट्टा उतरवा, पाण्यावरून आल्यासारखा थोडा उशीर द्या आणि मागे राहिलेली घुमघुम पूर्ण संपू द्या, मग तिला चाळीस सेकंद लागोत. दुसरा ठोका लगेच नको. तो येईल की नाही, हे त्या नावेतल्या माणसालाही ठाऊक नव्हतं.